परदेशातून पहिल्यांदा दिवाळीला घरी येताना: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

सोळा दिवसांची रजा मिळाली म्हणजे सोळा दिवस घरी राहायला मिळाले, असा हिशोब पहिल्या वर्षी बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात जाता-येता तीन-चार दिवस प्रवासात जातात, दोन-तीन दिवस झोप जागेवर येण्यात, तीन-चार बँकेत आणि कचेरीत, दोन-तीन पाहुण्यारावळ्यांत. आईजवळ स्वयंपाकघरात बसायला नाहीतर वडिलांबरोबर रानात जायला उरतात ते चार-पाच दिवस. ते वाढवता येतात, पण बाकीची कामं कुठे बसवायची हे तिकीट काढायच्या आधी ठरवावं लागतं.

आधी कॅलेंडर उघडा, आणि तेही कालनिर्णयासारखं भिंतीवरचं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज बुधवारी, ११ नोव्हेंबरला. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला येतं. यंदाच्या तारखांवरून पुढच्या वर्षीची रजा सांगून ठेवणारे इथेच फसतात. २०२६ साठी ३१ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर धरलं तर कामाचे दहाच दिवस रजेत जातात. २ ते ५ नोव्हेंबर, सोमवार ते गुरुवार, कचेऱ्या आणि बँका उघड्या असतात. शुक्रवारी धनत्रयोदशी आली की पुढचा जवळजवळ आठवडा कुठलाच साहेब जागेवर सापडत नाही. म्हणून कागदपत्रं सणाच्या आधी उरकायची. ‘भाऊबीज झाल्यावर बघू’ म्हटलेलं काम पुढच्या वर्षावर गेलंच म्हणून समजा.

नोकरीला नुकतेच लागलेल्यांनी रजेचा कायदा वाचावा. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवसांची रजा कायद्याने मिळते, मात्र पूर्ण हक्क सहा महिने काम झाल्यावरच. त्याआधी दर महिन्याला बाराव्या भागाने. मे-जूनमध्ये रुजू झालेल्याला नोव्हेंबरात दहा दिवस सलग हवे असतील तर ते सुरुवातीलाच बोलून ठेवायला हवेत. अमेरिकेत खासगी नोकरीत भरपगारी रजा देण्याची देशपातळीवर सक्ती नाही, तिथे सगळं कंपनीच्या करारावर. विद्यार्थ्यांची अडचण वेगळी. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, अमेरिकेत फॉल सत्र ऐन रंगात असतं, ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना जायचं तर विद्यापीठाची लेखी परवानगी असावी. पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेची हजेरी बुडवून येऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरच्यांना त्या वर्षी वाईट वाटेल, पण नापास झालेला विषय फराळापेक्षा महाग पडतो.

परत आत शिरता येईल ना, हे तिकिटाआधी तपासा. अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर आय-२० या विद्यापीठाच्या दाखल्यावरची प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी, ओपीटीवर (शिक्षणानंतर तिथे काम करायच्या मुभेवर) असाल तर सहा महिन्यांच्या आतली. तिथे राहूनच एच-१बी (नोकरीचा व्हिसा) झालेल्यांच्या पासपोर्टवर त्या व्हिसाचा शिक्का नसतो. एकदा बाहेर पडलं की वकिलातीत मुलाखत देऊन तो घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. स्टॅम्पिंग आणि दिवाळी एकाच फेरीत कोंबू नका. पासपोर्ट वकिलातीत अडकून तुम्ही घरी बसलात, तर महिनाभर घर तुमच्यापेक्षा जास्त काळजीत पडतं. जर्मनीत राहण्याचा परवाना नूतनीकरणाला दिला असेल तर हातातल्या तात्पुरत्या कागदावर तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ चं कोणतं उपकलम आहे ते पाहा. उपकलम ४ वर परत प्रवेश मिळतो, उपकलम ३ वर मिळत नाही. ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकच्या कार्डाऐवजी ई-व्हिसा आहे. पासपोर्ट नवा काढला असेल तर त्याचा नंबर त्या खात्यात जोडूनच निघा, नाहीतर परतीच्या विमानाला मुंबईच्या काउंटरवरच अडवतात.

मुंबईपासून सातारा सुमारे २५० किलोमीटर, सांगली त्याहून सव्वाशेक पुढे. रेल्वेने सकाळची कोयना एक्स्प्रेस आणि रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस दोन्ही सातारा, कराड, सांगली, मिरज घेतात. महालक्ष्मी साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेल्यावर येते आणि स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. न्यायला माणूस आधी सांगून ठेवा. सांगलीकरांना मात्र ती पहाटे घरी सोडते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि दिवाळीच्या तारखांना ते लगेच भरतं. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यात किमान पाच तास ठेवा. खासगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. सणात तो किती पाळला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तक्रार करताना तो माहीत असलेला बरा.

घरून गाडी घेऊन कुणीतरी विमानतळावर येणार, हे आपल्याकडे ठरलेलंच. त्यात धोका असा की सहा-सात तास गाडी चालवून आलेला चुलतभाऊ पहाटे तीनला लगेच उलटा फिरतो. मुंबईत किंवा पुण्यात चार तास झोपा आणि मग निघा. शनिवारी खंबाटकी घाटात रांग लागते, तेव्हा पुण्यातून पहाटे पाचच्या आत निघणं हाच उपाय. सांगलीकरांनी पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे वळल्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा विचार करावा. गळीत हंगाम सुरू झालेला असला तर रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत अगदी जवळ आलेली असते.

येताना काय आणायचं, यावर कितीही विचारलंत तरी घरून ‘काही नको’ एवढंच उत्तर येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी ऊन चांगलं तापतं, तेव्हा चॉकलेट हातातल्या बॅगेत ठेवा आणि पाकिटावर जिलेटिन, अंडं किंवा दारू लिहिलेलं नाही ना ते वाचून घ्या. माळकरी आजीच्या हातात ते पडलं तर वर्षभर ऐकावं लागतं. अमेरिकेतली ११० व्होल्टची उपकरणं इथल्या २३० व्होल्टवर जळतात. मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र आणू नका. बीपी मोजायचं सेलवर चालणारं यंत्र मात्र खरोखर वापरलं जातं. आत्या आणि मावशी यांच्या वस्तूंत फरक करू नका. किंमत तुम्ही सांगितली नाहीत तरी ती काढली जाते.

कागदपत्रांच्या चार दिवसांत पहिलं काम बँकेचं. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलं की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी होता आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, तिन्हींच्या प्रती न्या. एनआरओच्या व्याजावर मुळातच ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर कापला जातो. खातं सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असेल, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक घरांचं ते असतंच, तर त्यांना अशी खाती चालवायची परवानगी आहे का ते विचारा. सगळ्यांना ती नसते.

दुसरं, मोबाईल नंबर. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर बंद होतं आणि त्याच नंबरावर बँकेचे ओटीपी येतात. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते दर महिन्याला कापून नंबर चालू ठेवला जातो. पण भरवशासाठी वर्षाचं रिचार्ज मारून जा.

तिसरं, जमीन. तुम्ही आलात म्हणून सगळी भावकी एकत्र आली आणि सातबारावरच्या वारसनोंदीचा विषय निघाला, असं हमखास होतं. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळालेली ठेवता येते. हक्कसोडपत्रावर सही मागितली तर ते वाचायला एक दिवस मागून घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. दिवाळीच्या गोडव्यात सही करून नंतर बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक गावात आहेत.

आई-वडिलांपैकी कुणी निवृत्त शिक्षक किंवा सरकारी नोकर असेल तर नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आता चेहरा दाखवून मोबाईलवरूनही तो देता येतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकट्या वडिलांना ते जमत नाही. ते करून द्या, जमल्यास दोनदा करून दाखवा. त्याच बैठकीत रोजच्या गोळ्यांची यादी लिहून घ्या आणि तिचा फोटो स्वतःकडे ठेवा. तपासण्या करायच्या असतील तर मिरजेत एका दिवसात रक्त, डोळे आणि हृदय उरकतं. फक्त ते धनत्रयोदशीच्या आधी.

घर आपल्यासाठी थांबलेलं नसतं, हे सांगायची वेळ इथे येते. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरात झालेली असते आणि पहिल्या पन्नास दिवसांत पाऊस पडला की डावणी या बुरशीच्या रोगाची फवारणी. रात्री अकराला वडील ट्रॅक्टर जोडून बागेत जातात. वाळवा, कराड भागात ऊसतोड कधी येईल याची वाट. माण-खटाव, जतकडे शाळू. या दिवसांत ‘सगळे मिळून महाबळेश्वरला जाऊ’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी मनाने येतही नाही. त्यापेक्षा बागेत पाण्याचा पाइप धरायला उभं राहिलेलं चालतं. वडील जे वर्षभर फोनवर सांगत नाहीत ते मोटर चालू करून बांधावर बसल्यावर सांगतात. आईच्या बाबतीत चकलीचा सोऱ्या. भाजणी मळायला आणि सोऱ्या दाबायला हाताला जोर लागतो, ते काम मागून घ्या. चकली तुटली तर तुमच्या हाताने नव्हे, पीठ कोरडं झाल्याने तुटते. गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं की सरळ येते. (कासची फुलं तोवर संपलेली असतात. ती पाहायची तर सप्टेंबरात यावं लागतं.)

भेटींची यादी आईकडून लिहून घ्या, आणि क्रमही तिनेच लावलेला बरा. तुम्ही नसताना ज्यांच्या घरी कुणी गेलं असेल तिथली भेट सगळ्यात आधी, रिकाम्या हाताने आणि सणाच्या दिवसांबाहेर. काही घरं वारही पाळतात. स्वतःच्याच घरी वर्षभरात दुःख झालं असेल तर दिवाळी पाळली जात नाही, फराळ भावकीतून येतो, नवे कपडे नाहीत. तेव्हा आकाशकंदील घेऊन उतरू नका, आधी विचारा. एका दिवशी तीनच घरं. प्रत्येक घरी पोहे-चहा होतो आणि चौथ्या घरी नको म्हटलं की त्यांना लागतं. लग्नाचा विषय दुसऱ्याच घरात निघेल. काय सांगायचं ते आई-वडिलांशी आदल्या रात्री ठरवा, म्हणजे तुमचं उत्तर आणि त्यांचं उत्तर एक येईल. अमेरिकेतून आलेल्यांना पहिले काही दिवस पहाटे तीनला जाग येते. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला त्याचा उपयोग होतो, एरवी नाही.

जातानाचा फराळ हा स्वतंत्र विषय आहे. युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यासाठीही नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे विमानतळापर्यंतच. तुपाचा डबाही नको. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा, लपवला तर दंड मोठा. दुबई, सौदी आणि सिंगापूरला खसखस बेकायदा आहे आणि अनारशांवर ती असतेच. आईला आधी सांगून बिनखसखशीचे करून घ्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेतून काढायला लावतात, कारण त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरलं जातं. शंकरपाळ्या, चकली, भडंग, सांगलीची हळद आणि बेदाणे नीट जातात, जाहीर मात्र करायचे. चकली गोल स्टीलच्या डब्यात थरांमध्ये कागद घालून. चिवडा पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत, अर्ध्या-अर्ध्या किलोने. कोमट भरला की तिसऱ्या दिवशी मऊ पडतो. कांदा-लसूण मसाला काचेच्या बरणीत नको. प्लास्टिकची बरणी, झाकणाला चिकटपट्टी, वर दोन पिशव्या, आणि बॅगेत कपड्यांपासून लांब. त्याचं तेल सुटतं आणि लाल डाग जात नाही. हा मसाला हातातल्या बॅगेत ठेवला तर सुरक्षा तपासणीत अडकू शकतो.

बॅगेचं वजन घरच्या काट्यावर २१ किलोच्या आसपास ठेवा. निघायच्या दिवशी दोन किलो वाढतंच, कुठली तरी काकू डबा घेऊन दारात उभी असते. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळा पश्चिम महाराष्ट्र पुण्या-मुंबईकडे निघतो. शनिवारी रात्रीचं विमान असेल तर सांगलीतून सकाळी आठला, साताऱ्यातून साडेदहाला निघा. निघताना हातावर दही-साखर मिळते. ती खाऊन हात धुवा आणि मगच पासपोर्टला हात लावा.