सायकलची जुनी स्टील फ्रेम विकताय? आधी व्हर्नियर काढा

पहिली गोष्ट, रंग मारू नका. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत जुनी सायकल विकायची ठरली की माणूस आधी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन स्प्रेचा डबा घेऊन येतो. जाणकार गिऱ्हाईक नवा रंग बघून खूश होत नाही, त्याला संशय येतो की खाली काय झाकलंय. मूळ रंग ओरखडलेला, स्टिकर अर्धा उडालेला असला तरी तसाच राहू द्या. रॉकेल, जुना टूथब्रश आणि सुती फडकं, एवढी साफसफाई पुरे.

खाणीच्या वर्कशॉपात मी फिटर होतो. २०१२ला खाणी बंद पडल्या, तेव्हापासून सायकली हाताखालून जातायत. गोव्यात दोन जातींच्या फ्रेम मिळतात. एक आजोबांची २८ इंची, हर्क्युलिस, रॅले नाहीतर ॲटलस. ती सुटी विकायला जाल तर भंगारवाल्याच्या काट्यावरच तिचा भाव होईल. रॉड ब्रेक, चेनकव्हर, कॅरियर, घंटी यांच्यासकट अख्खी सायकलच विका, हौशी माणूस तिला शोधत येतो. दुसरी जात किनाऱ्यावरची. मांद्रे-हरमलला सीझनला आलेला पाहुणा जाताना टूरिंग किंवा रेसिंग सायकल मागे ठेवून जातो, मग ती कुणाच्या तरी पडवीत पडून राहते. आता पुढचं सगळं या दुसऱ्या जातीबद्दल.

चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील, नाहीतर बहुधा ॲल्युमिनियम. सीट ट्यूबवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर, रेनॉल्ड्स ५३१ किंवा कोलंबस या नावाजलेल्या नळ्यांचा स्टिकर असला तर त्याचा जवळून फोटो घ्या, अर्धी विक्री तिथेच झाली. रेनॉल्ड्सने ५३१ नळी १९३५ साली आणली आणि जाणकार आजही तिचं नाव काढतात. स्टिकर नसेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकती पट्टी, सांगेल. सीटचा दांडा काढून त्याचा व्यास मोजा. सीट ट्यूब बाहेरून बहुधा २८.६ मिमी असते. दांडा २७.२चा बसत असेल तर नळीची भिंत जेमतेम ०.७ मिमी, म्हणजे माल चांगला. दांडा २५.४ किंवा २६च्या आसपास असेल तर नळी जाड आणि साधी. भावही त्याच हिशोबाने लावा.

दांडा निघतच नसेल तर घाई नको. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं राहिला की आपल्या खाऱ्या हवेत दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस बसतो ती खालची जागा) बाजूने गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. ब्लोलॅम्प लावू नका, रंग जळतो. त्यापेक्षा दांड्याला बर्फ लावा. थंडीने ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त आकसतं. तरी हलला नाही, तर ‘दांडा अडकलेला आहे’ असं जाहिरातीत स्पष्ट लिहा.

बाहेरचा गंज दिसतो, आतला फ्रेम खातो. बॉटम ब्रॅकेटमधला आस आणि वाट्या काढून आत मोबाईलची बॅटरी मारा. पाणी सीट ट्यूबमधून उतरतं ते तिथेच साचतं. फ्रेम उलटी करून हलकेच ठोका. थोडी तांबूस पूड पडली तर काळजी नाही, पापुद्रे पडू लागले तर आहे. मागच्या चाकाच्या पुढे दोन नळ्यांना जोडणारा आडवा तुकडा असतो, त्याच्या कडेला दाभण टोचून बघा. दाभण आत गेलं तर ती फ्रेम विकण्याच्या लायकीची नाही, तिच्यावर कुणाचा तरी जीव बसणार आहे.

मग सरळपणा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) दोरी बांधा, पुढे हेड ट्यूबवरून (हँडलखालची आखूड नळी) वळवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. दोन्ही बाजूंना दोरी आणि सीट ट्यूब यांच्यामधलं अंतर मोजा. एक-दोन मिमीचा फरक चालतो. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. तिथे फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे.

जाहिरातीत कवित्व नको, आकडे हवेत. सीट ट्यूब बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंत, टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) मध्यापासून मध्यापर्यंत, मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर (१२० मिमी आहे, १२६ की १३०), बॉटम ब्रॅकेटची रुंदी. रुंदी ६८ मिमी असेल तर बहुतेक इंग्लिश आटे, उजवी वाटी उलट्या आट्याची. इटालियन ७०. गंज आणि पोचा यांचे फोटो चांगल्या फोटोंच्या आधी टाका. नुसते बघे तिथेच गळतात. पुढचा चिमटा (फोर्क) फ्रेमसोबतच द्या, सुटा विकला तर फ्रेम अनाथ होते. जाहिरात टाका गणेशचवथीनंतर. पावसात कोण सायकलच्या नादाला लागत नाही.

पहिला मेसेज ठरलेला असतो: “पात्रांव, शेवटचे किती?” फ्रेम न बघताच. मी लिहितो, “येऊन बघा बाब, मग बोलू.” आपला खालचा आकडा मनात पक्का असावा, तोंडात नको. ‘मी आर्मीत आहे, माणूस पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हणाला तर फोन ठेवा. पैसे यायचे असतील तेव्हा ना स्कॅन लागतं, ना पिन. व्यवहार झाला की साध्या कागदावर फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या. नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली असतो.

गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं निघालं तर कुरियरला विचारण्याआधी खोक्याचा हिशोब करा. १०० × ६० × २० सेंमीचं खोकं बहुतेक कुरियरवाले मापांच्या गुणाकाराला पाच हजारने भागून चोवीस किलो धरतात, आत माल चार किलोचा असला तरी. मडगावचं रेल्वे पार्सल किंवा रात्रीची ट्रॅव्हल्स, दोन्हींचे दर विचारा. खोकं सायकलच्या दुकानात फुकट मिळतं. ड्रॉपआउटमध्ये जुना एक्सल किंवा लाकडाचा ठोकळा नट लावून घट्ट बसवा, नाहीतर वर कुणी गोणी टाकली की मागचे पाय आत वाकतात. चिमट्यालाही तसंच. नळ्यांना एसीच्या पाइपचा फोम, आट्यांना ग्रीस. सीटचा दांडा निघाला असेल तर तोही खोक्यातच टाका. २६.४ वगैरे मापाचा असेल तर त्या गिऱ्हाइकाला बाजारात शोधून मिळायचा नाही, आणि तुमच्या घरी तो नुसता कपाटावर पडून राहील.