बॉबकट बिघडतो कुठे? कात्री लावण्याआधी आणि नंतरच्या या चुका टाळा

जुळे सोलापुरात माझं छोटंसं पार्लर आहे. पारा चाळिशीच्या पुढे गेला की दारात बॉबकटाची रांग लागते. मानेवर घामाने चिकटणारे केस नकोसे होतात, मुली मोबाइलमधला फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, अगदी असाच." पंधरा दिवसांनी दुसरी रांग लागते, बिघडलेला बॉब नीट करून घ्यायला आलेल्यांची. त्यातले काही बाहेरून बिघडून आलेले असतात, आणि खोटं कशाला बोलू, काही माझ्याच हातचे.

या दुसऱ्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकीचं म्हणणं एकच: "माझ्या चेहऱ्याला बॉब शोभतच नाही." ते मला पटत नाही. चेहरा बिचारा उगाच बदनाम होतो. बहुतेक वेळा केसांची रेघ चुकीच्या जागी पडलेली असते, नाहीतर केसांचा स्वभाव कुणी बघितलेलाच नसतो.

काठ कुठे पडतोय?

बॉब म्हणजे चेहऱ्याभोवतीची एक आडवी रेघ, साडीच्या काठासारखी. काठ जिथे पडतो तिथे नजर थांबते. चेहऱ्याच्या आकाराचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, त्यामुळे तक्ता पाठ करायची गरज नाही.

गोल चेहरा असेल आणि केस बरोबर गालाच्या फुगवट्यापाशी संपले, तर बघणाऱ्याची नजर गालांवरच जाणार. तिथून काठ खाली आणा, हनुवटीच्या खाली दोन बोटं. पुढच्या बटा मागच्यापेक्षा थोड्या लांब आणि भांग जरा बाजूला घेतला की चेहरा लांबट वाटतो. चौकोनी चेहऱ्याला जबड्याच्या कोपऱ्यावर संपणारा, पट्टीने आखल्यासारखा ब्लंट कट चांगला दिसत नाही. लांबी त्याच्या खाली ठेवून टोकं मऊ करून घ्यायची. लांबट चेहऱ्याचं सगळं उलटं. त्याला खांद्यापर्यंतचा सरळसोट बॉब दिला की चेहरा आणखी ओढल्यासारखा होतो. हनुवटीपाशी संपणारा, बाजूंनी भरलेला आणि कपाळावर झुलपं असलेला बॉब त्याला खुलतो. विड्याच्या पानासारखा चेहरा, म्हणजे कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल, तर हनुवटीपाशी केसांची भर हवी. रुंद कपाळावरचा उपाय आपल्याकडे जुनाच आहे. अभिनेत्री साधनाचं कपाळ मोठं दिसू नये म्हणून झुलपं कापली गेली, आणि पुढे तोच 'साधना कट' घरोघरच्या मुलींनी मिरवला. लंबगोल चेहऱ्यावाल्यांनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल, त्यांना सगळंच चालतं.

आकार ओळखायला केस घट्ट मागे बांधा, आरशासमोर उभ्या राहा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या वडीने आरशावर चेहऱ्याची कड गिरवा. आकृती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी येईल. दचकू नका, आरशाचं गणितच तसं आहे. आकार मात्र खरा उमटतो, आणि "मावशी म्हणते माझा चेहरा गोल आहे" यापेक्षा तो जास्त भरवशाचा.

इंटरनेटवर सव्वादोन इंचांचा एक नियम फिरतो. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी खाली सोडायची, आणि दोन्ही सव्वादोन इंचांच्या आत भेटल्या तर आखूड केस शोभणार. बोलायला सुरुवात म्हणून ठीक आहे. पण त्या पट्टीला तुमच्या केसांची दाटी कळत नाही, मानेची लांबी कळत नाही, आणि सोलापूरचं पाणी तर मुळीच कळत नाही.

मानेवरचा भोवरा

आता ज्याने मला सगळ्यात जास्त रडवलं त्याबद्दल. डोक्यावरचा भोवरा सगळ्यांना ठाऊक असतो, पण मानेवरही भोवरा असतो, कुणाला एक, कुणाला दोन. लांब वेणीच्या वजनाखाली तो वर्षानुवर्षं दबून असतो. केस कापले की वजन जातं आणि भोवरा डोकं वर काढतो.

मी नवीन होते तेव्हा कॉलेजची एक मुलगी आली, कमरेपर्यंत वेणी. तिला मागून चढता, मानेवर एकदम आखूड असा बॉब हवा होता. मी वेणी सोडली, केस ओले केले, विंचरून सपाट बसवले आणि कापले. सुकवले तर उजवीकडचे केस मानेला चिकटून आणि डावीकडचे थेट बाहेर, कोंबडीच्या शेपटीसारखे. न्यायला आलेली आई दारातूनच म्हणाली, "अगं बाई, हे काय!" पैसे दिले, आणि दोघी परत कधी आल्या नाहीत. त्या दिवसापासून केस ओले करायच्या आधी मी गिऱ्हाइकाची मान खाली घालायला लावते, केस वर उचलते आणि मानेवरचे बारीक केस कुठल्या दिशेने उगवलेत ते बघते. तुम्ही घरी दोन आरसे धरून किंवा बहिणीला फोटो काढायला सांगून हे पाच मिनिटांत करू शकता. केस वर किंवा बाजूला वळलेले दिसले तर मागची लांबी भोवऱ्याच्या खाली दोन इंच तरी ठेवायला सांगा, म्हणजे वजनाने तो बसेल. नाहीतर इतके बारीक करून घ्या की उभं राहायला केसच उरणार नाही. अधलीमधली लांबी मात्र नको.

आधीच कापून झालं असेल तर उपाय न्हाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच करायचा. केसाचा आकार ओला असताना सुटतो आणि सुकताना बसतो. म्हणून टॉवेल काढल्या काढल्या ड्रायर लावा, सपाट ब्रशने मानेवरचे केस एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे दाबत सुकवा. दोन्हीकडे ओढला गेला की भोवरा गोंधळतो आणि खाली बसतो. भांगापाशी केस दुभंगत असतील तरी हीच युक्ती. आधी भाकरी थापायला घेतली आणि अर्ध्या तासाने ड्रायर हातात घेतला, तर केसाने आपलं ठरवून टाकलेलं असतं.

ओली लांबी खोटी असते

ओला केस ताणला जातो, सुकला की आखडतो. सरळ केसात फरक थोडा पडतो, पण लहरी केस इंच-दीड इंच सहज वर जातात आणि कुरळे त्याहून जास्त. हनुवटीपर्यंत म्हणून ओले कापलेले केस घरी पोचेपर्यंत ओठांशी येतात ते यामुळे. कापणारीला आधीच सांगा: लांबी राखून कापा, सुकवा, मग शेवटची रेघ ठरवा. अर्धा तास जास्त जाईल, पण रडू येणार नाही.

तसंच, तेल लावून येऊ नका. आदल्या रात्री आईने प्रेमाने चंपी केली हे कळतं, पण तेलाने केस चप्प बसतात आणि दाटीचा अंदाज चुकतो. घट्ट वेणीतून थेट खुर्चीवर बसलात तर वेणीचे दुमड केसात असतात आणि कट वाकडा जातो. आणि स्कार्फ घट्ट बांधून विजापूर रोडवरून गाडीवर आलात, तर दहा मिनिटं केस मोकळे सोडून बसा. पाणी प्या. घाई कशाची?

बॉब त्रिकोणी का होतो

आपल्याकडे दाट, जरा लहरी केस खूप. असे केस एका लांबीत कापले की वर सपाट आणि खाली पसरट, समोशासारखा त्रिकोण होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, जरा थिनिंग करा." इथेच दुसरी चूक होते. थिनिंगची, म्हणजे मधले मधले केस विरळ करणारी दातेरी कात्री वरच्या थरात चालवली की त्या दिवशी केस हलके वाटतात, पण महिन्याभरात ते तोडलेले आखूड केस वाढून खालून वरच्यांना ढकलतात आणि डोकं पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. भार काढायचा तो आतल्या थरातून, तोही लेअर देऊन, म्हणजे थराथराने वेगवेगळ्या लांबीचे कापून. राठ आणि कुरळ्या केसांवर वस्तरा मात्र चालवू देऊ नका, टोकं फाटतात.

उलट केस विरळ असतील तर लेअरचा मोह सोडा. एका लांबीचा, टोकाला भरीव ब्लंट बॉब विरळ केसांना जितका दाट दाखवतो तितकं दुसरं काही दाखवत नाही.

पाणी, आणि हो, टॉवेल

उजनी धरणाचं नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बोअर-टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते केसावर बसतात, शाम्पूला फेस येत नाही, केस राठ होतात. लांब केसांत हे वेणीत लपतं. बॉबमध्ये लपायला जागाच नाही, टोकं झाडूसारखी दिसतात. नळाचं पाणी येईल त्या दिवशी केस धुवायचा बेत ठेवा. ते जमत नसेल तर शेवटचा एक तांब्या तरी फिल्टरच्या पाण्याचा, किंवा मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून, डोळे मिटून. दोन-तीन आठवड्यांतून एकदा साचलेलं काढणारा क्लॅरिफाइंग शाम्पू. दर महिन्याला मेंदी लावत असाल तर हात जरा आखडा, कोरडे केस मेंदीने आणखी ताठ होतात आणि ताठ केस आत वळत नाहीत.

टॉवेलबद्दल बोलायला मला भीती वाटते, कारण ज्या गावाची चादर आणि टॉवेल जगात जातात त्या गावात बसून मी हे सांगतेय. पण आपला जाड टेरी टॉवेल अंगासाठी ठेवा. त्याने केस खसाखसा पुसले की प्रत्येक केस वेगळा उभा राहतो. जुनी सुती ओढणी घ्या, केस मुठीत दाबा, चोळू नका.

रोज स्ट्रेटनर लागत असेल तर

लंडनच्या केशरचनाकार व्हिडाल ससूनने १९६३ मध्ये अभिनेत्री नॅन्सी क्वानचे लांब केस कापून जो बॉब केला, तो गाजला तो त्याच्या नेमक्या कापणीमुळे. तोवर बायका रोलर लावून, स्प्रे मारून केस जागेवर ठेवत. ससूनचं म्हणणं असं की कट नीट असेल तर केस धुवावेत, डोकं हलवावं आणि ते आपोआप जागेवर पडावेत. मी आजही त्याच कसोटीवर कट तपासते. रोज सकाळी स्ट्रेटनरशिवाय बॉब बसत नसेल तर दोष तुमच्या हातात नाही, कट पुन्हा बघून घ्या.

स्ट्रेटनर लावायचाच तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर 'सर्र' असा आवाज आला की आतलं पाणी उकळतंय आणि केस आतून फुटतोय असं समजा. बारीक केसांना १५० अंश, जाड केसांना १८० पुरे. २३० वर काटा नेऊन ठेवायचं काहीच कारण नाही. त्याआधी हीट प्रोटेक्टंट, म्हणजे केसांना उष्णतेपासून जपणारं क्रीम किंवा स्प्रे, लावा. खोबरेल तेल लावून वर स्ट्रेटनर फिरवणाऱ्या मुली मी बघितल्यात. ते केस तळणं झालं.

स्मूथनिंग करून घ्यायचं असेल तर आधी ते आणि मग कट. सरळ झालेले केस लांब होतात, रेघ बदलते.

थोडक्यात सुटणाऱ्या तक्रारी

खांद्याला टेकणारी टोकं बाहेर वळतात, कारण खांदा त्यांना ढकलतो. इंचभर वर घ्या किंवा दोन इंच वाढू द्या, स्ट्रेटनरने खांद्याशी भांडू नका. हेल्मेटने चप्प झालेल्या केसांना भांग दुसऱ्या बाजूला पाडला की पाच मिनिटांत उभारी येते. आणि उन्हाळ्यासाठी म्हणून बॉब करत असाल तर एक विचारून ठेवा: रबरात येतील का? हनुवटीपर्यंतचे केस बांधता येत नाहीत, मे महिन्यात ते गळ्याला चिकटून वैताग आणतात. त्यापेक्षा मानेखाली जाणारा लांब बॉब बरा.

घरात लग्न असेल तर चार दिवस आधी नवा बॉब करू नका. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे आखूड झालेला इंच परत यायला दोन महिने लागतात. गजऱ्याची काळजी मात्र नको. रबरात शेपटीएवढे केस येत असतील तर गंगावन, यू पिना आणि जाळी लावून अंबाडा होतो, मोगरा त्यावर बसतो. काकवांचं बोलणं थांबवायला माझ्याकडे पिन नाही.

बिघडलाच तर त्याच संध्याकाळी दुसऱ्या पार्लरला धावू नका. दोनदा धुवा, आठवडाभर बसू द्या. बिघडलेल्यांपैकी निम्मे बॉब त्या आठवड्यात आपोआप बसतात, आणि उरलेल्यांत नक्की काय चुकलंय ते तोवर दिसतं.

पुन्हा खुर्चीवर बसाल तेव्हा "थोडेच काप" म्हणू नका. पार्लरवाल्यांचा 'थोडे' आणि गिऱ्हाइकाचा 'थोडे' यात चार बोटांचं अंतर असतं. केस कोरडे असताना स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवा, इथपर्यंत. आणि कात्रीवालीची नजर त्या बोटावर आहे का, एवढं आरशात बघून घ्या. ती फोनवर बोलत असेल तर तिचं बोलणं संपेपर्यंत बोट तिथेच ठेवा.