वस्तीतल्या एका खोलीच्या घरात संडास बांधायचा असेल तर

मी सांगलीत गवंडीकाम करतो आणि राहतोही नदीपट्ट्यातल्या एका वस्तीत. पूर्वी इथं पत्र्याची, तट्ट्यांची घरं होती. आता विटांच्या भिंती आल्या, नळ आले, लाइटचे मीटर आले. तरी कितीतरी बायका अजून संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री सार्वजनिक संडासापर्यंत अंधारातनं जावं लागतं. हे थांबायला पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीतही घरचा संडास होतो.

आधी दुकानात भांडं बघायला जाऊ नका. मैला जाणार कुठं, ते ठरवा. गल्लीत ड्रेनेजची लाइन असेल तर जवळचं चेंबर उघडून आतला पाइप रस्त्यापासून किती खाली आहे ते मोजा. चार इंची पाइपाला 40 ला 1 असा ढाळ धरायचा, म्हणजे 10 फुटाला 3 इंच. चेंबर 20 फुटांवर असेल तर 6 इंच उतार मिळालाच पाहिजे. तो लेव्हल नळीनंच बघायचा. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक भांड्याच्या जागी धरा, दुसरं चेंबरपाशी. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथनं खाली, एकीकडं भांड्याचा पाइप निघेल तिथपर्यंत आणि दुसरीकडं चेंबरातल्या पाइपापर्यंत, टेपनं मोजा; दोन मापांतला फरक म्हणजे मिळणारा उतार. ‘नजरेनं बघितलंय’ म्हणणाऱ्या गवंड्याचं ऐकू नका. ढाळ चुकला की वर्षभरात फरशी फोडायची वेळ येते, आणि तो खर्च घरमालकाच्याच डोक्यावर बसतो.

जागा गल्लीकडच्या कोपऱ्यात घ्या. तीन बाय चार फूट पुरतं. दार बाहेर उघडणारं करा, म्हणजे आत कुणी चक्कर येऊन पडलं तर दार अडणार नाही. म्हातारी माणसं म्हणतात, चुलीजवळ संडास कसा? त्यांचं ऐकून घ्या, मध्ये पूर्ण उंचीची भिंत घाला आणि गल्लीच्या बाजूला वर झरोका ठेवा. भांड्याखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, पाणी उभं राहिलं की वास येत नाही. चेंबरपाशी हवेचा पाइप छताच्या वर न्यायला मात्र विसरू नका.

आता पुराचं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट; 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेवढ्या पाण्यापुढं कुठलंच बांधकाम टिकाव धरत नाही. पण साध्या पावसातही ड्रेनेज भरतं आणि घाण उलटी भांड्यातनं वर येते. म्हणून भांडं गल्लीपेक्षा दीड-दोन फूट उंच बसवा, पायऱ्या कमी उंचीच्या करा आणि भिंतीला धरायला पाइपाचा दांडा लावा. पाणी चढायला लागलं की जाड पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून भांड्याच्या भोकावर दाबून ठेवा.

लाइन नसेल तर सेप्टिक टाकी. आपल्या काळ्या मातीत शोषखड्डा नीट जिरत नाही, पावसाळ्यात तर उलट भरतो. टाकीला दोन कप्पे करा, आतनं गिलावा पक्का घ्या. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकच टाकी केली तरी चालते, फक्त साफसफाईचे पैसे कोण किती देणार ते आधीच बोलून घ्या. मैल्याचा पाइप उघड्या गटारीत कधीच सोडू नका. त्याच गटारीकाठी पोरं खेळतात.

पैशाचं सांगायचं तर, 2014 ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं तेव्हा शहरी घरगुती शौचालयाला केंद्राचे 4,000 आणि राज्याचे 8,000 असे 12,000 रुपये मिळत. आज काय चालू आहे ते महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा. आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड आणि लाइटबिल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून न्या. अनुदान हप्त्यानं येतं, म्हणून काम चालू असतानाचे फोटो काढून ठेवा. मजुरीत काटकसर करायची असेल तर पाया स्वतः खणा. पाइप आणि ट्रॅप मात्र जाणत्या माणसाकडनंच बसवून घ्या.

कोबा झाल्यावर सात दिवस पाणी मारा. पाइप झाकायच्या आधी भांड्यात दोन बादल्या एकदम ओता आणि एकाला चेंबरपाशी उभा करा. पाणी धो-धो आलं तरच माती ओढा.

टाकीचं झाकण गल्लीच्या बाजूलाच ठेवा, म्हणजे सक्शन गाडीची नळी पोचेल. दोन-तीन वर्षांनी गाडी बोलवा. माणूस आत उतरवू नका, तो कितीही तयार असला तरी. आतल्या गॅसनं जीव जातो, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस असा उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं गुन्हाही आहे.