कथेतली पात्रं, प्रतीकं आणि निवेदक: या चुका टाळा

खोत आला की लबाड, चाकरमानी आला की फुशारक्या मारणारा आणि ओटीवरचा म्हातारा हटकून तिरकस. कोकणातल्या कथांवर लिहिताना 'पात्रं साचेबद्ध आहेत' हा शेरा म्हणूनच झटकन उमटतो आणि बऱ्याचदा भलत्याच पात्राला चिकटतो. कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या जातात.

सपाट पात्र म्हणजे एकाच गुणावर उभं असलेलं पात्र. सपाट आणि गोल (म्हणजे अनेक पैलू असलेलं) ही विभागणी इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडली. सपाट पात्र टाकाऊ असतं, असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. सुट्ट्या पैशांवरून प्रत्येकाशी हुज्जत घालणारा तरीवाला तीन प्रसंगांत तेवढंच करत असेल, तर तो सपाट आहे आणि कथेला तसाच हवा आहे. साचा निराळा. तो लेखकाने पाहिलेला नसतो, आयता उचललेला असतो. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात संकासुर हा राक्षस कसा वागणार हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं, पण संवाद बरेचसे रंगमंचावरच सुचत असल्याने मजा त्या बोलण्यात असते. छापील कथेत ही सोय नाही.

तिसरी गोष्ट भूमिकेची. सामाईक सातबाऱ्यावरची कलमांची बाग विकून टाकू असं धाकटा भाऊ म्हणतोय, कारण बायकोच्या उपचारांना पैसे हवेत. थोरला अडून बसलाय. थोरला नायक असेल तर धाकटा प्रतिनायक ठरतो, खलनायक नव्हे. तो आड येतो, एवढंच. इथे त्याला दारुडा करून टाकणं ही नवख्यांची नेहमीची पळवाट, आणि तिथेच कथेतला ताण संपतो.

तपासायचं कसं? पात्राचं नाव, धंदा, आडनाव झाका आणि त्याची तीन वाक्यं सलग वाचा. ती दुसऱ्या कुणाच्याही तोंडी खपत असतील तर पात्र अजून उभं राहिलेलं नाही. दुरुस्तीसाठी एखादा उलटा गुण चिकटवू नका. सावकार कुत्र्याला भाकरी घालतो म्हणून तो गोल होत नाही. दोन्हीकडे नुकसान आहे अशा पेचात त्याला टाका आणि निवड करायला लावा.

समुद्र म्हणजे मनाची खळबळ नव्हे

निदान दर वेळी तरी नव्हे. प्रतीक आधी वस्तू म्हणून खरं असावं लागतं. अष्टमीच्या रात्री नायिकेच्या मनासारखं उधाण आलं, असं लिहिलंत की किनाऱ्यावरचा वाचक तिथेच थांबतो: अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती असते, उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे सोमवारी दुपारी बाराला भरती असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच सुमारास ओहोटी. आषाढात ट्रॉलर समुद्रात जाताना दाखवायचा असेल तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी लक्षात घ्या. मग तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, कायदा मोडतोय, आणि हे कथेला माहीत असायला हवं.

एकदाच आलेली वस्तू शक्यतो तपशील समजावी. ती पुन्हा आली आणि दरम्यान तिच्याभोवतीची परिस्थिती बदललेली असली, तर प्रतीक म्हणायला आधार मिळतो. परीक्षेच्या उत्तरात 'माड हे एकाकीपणाचं प्रतीक आहे' एवढ्यावर थांबू नका. माड कुठल्या दोन प्रसंगांत आलाय आणि मधे काय बदललं, ते लिहा.

पूर्वसूचनेचंही, म्हणजे पुढच्या घटनेची आधीच पेरलेल्या चाहुलीचंही, असंच. शेवटच्या पानावर अवकाळी पाऊस येऊन सगळं घालवतो तेव्हा तो योगायोग वाटतो. शेवट लिहून झाल्यावर मागे या. एका प्रसंगात सून आमसुलांना कोकमाच्या रसाचं पुट देता देता आभाळाकडे बघून सुपं आत घेते. बोलणं चाललेलं असतं लग्नाचं. पुढे कुणीतरी होडी वर ओढायला माणसं शोधतंय. दोन जागा पुरतात, आणि दोन्ही ठिकाणी पात्रांच्या हाती दुसरंच काम हवं. 'पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक नव्हतं' ही पूर्वसूचना नव्हे, दवंडी आहे.

निवेदक कुठे उभा आहे?

सर्वांत जास्त कथा इथे घसरतात, आणि लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. हे बघा:

'राधाक्का ओटीवर कोकमं फोडत होती. गाडी थांबली तशी तिच्या छातीत धडधडलं. सासू अजून रागावलेली दिसते, असं सुनेला वाटलं.'

दुसऱ्या वाक्यात आपण राधाक्काच्या आत आहोत, तिसऱ्यात अचानक सुनेच्या. राधाक्काकडेच राहायचं तर सुनेचं मन तिला दिसेल त्याच खुणांतून यावं:

'सुनेने चपला पायरीखाली काढल्या आणि तिथेच उभी राहिली.'

दुरुस्तीचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: प्रसंगातलं प्रत्येक 'वाटलं', 'आठवलं', 'कळलं' पेन्सिलीने अधोरेखित करा आणि शेजारी कुणाला ते लिहा. एका प्रसंगात दोन नावं आली तर प्रसंग तोडा किंवा एक नाव काढा. सर्वज्ञ निवेदक दोघांच्याही मनात जाऊ शकतो, पण मग ती मुभा त्याने पहिल्या पानापासून घेतलेली असावी.

अविश्वसनीय निवेदक ही ढाल म्हणून वापरू नका. 'मी'चं सांगणं खोटं आहे हे वाचकाला कळेल असे पुरावे मजकुरातच पाहिजेत. नसतील तर ती लेखकाची विसंगती.

अलंकारांबद्दल थोडक्यात: 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा आणि 'सारखा' दिसला की उपमा, ही ओळख परीक्षेपुरती ठीक. कथेवर लिहिताना, तुलना करतंय कोण हे पाहा. कधी गावाबाहेर न गेलेल्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला आभाळ संगणकाच्या पडद्यासारखं दिसत असेल, तर ती उपमा लेखकाची आहे.

बोलीचंही तसंच. 'माका', 'तुका' मालवणी माणसाच्या तोंडी शोभतात. तेच शब्द अलिबागच्या आगरी पात्राला दिले की पात्र पडतं. बोली फक्त संवादात ठेवलीत तर निवेदक बाहेरचा राहतो. निवेदनही मालवणीत केलंत तर निवेदक त्याच वाडीतला होतो. मग त्याचं घर कुठलं, ही हकिकत तो कुणाला सांगतोय आणि बंद दारामागचं बोलणं त्याला कसं कळलं, याची उत्तरं कथेत द्यावी लागतात.