माहितीच्या मोठ्या संग्रहाचा नकाशा कसा काढावा

एखाद्या विषयाचा शोध घेतल्यावर चार-पाच हजार नोंदी समोर आल्या की आपण पहिली दोन-तीन पाने चाळून थांबतो, आणि उरलेल्या संग्रहात काय होते हे कधी कळतच नाही. अशा वेळी यादी बाजूला ठेवून संग्रहाचे चित्र काढावे. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली सांगितलेला क्रम आजही तितकाच उपयोगी आहे: आधी सगळ्या संग्रहावर एक नजर टाकावी, मग हव्या त्या भागाजवळ जाऊन नको ते गाळावे आणि तपशील लागेल तेव्हाच उघडावा.

चित्र कोणते काढायचे हे संग्रहाच्या रचनेवरून ठरते. संगणकावरील फोल्डरांप्रमाणे माहिती एकात एक बसलेली असेल, तर ट्रीमॅप घ्यावा. त्यात प्रत्येक फाइलचा एक आयत असतो आणि फाइल जितकी मोठी तितके त्याचे क्षेत्रफळ जास्त. श्नायडरमन यांना ही कल्पना सुचली ती चौदा जणांत मिळून वापरली जाणारी ८० मेगाबाइटची डिस्क सतत भरत असल्यामुळे. विंडोजवर विनडिरस्टॅट हा प्रोग्राम हेच काम करतो. नोंदींना वर्ष, भाषा, प्रकार असे पैलू असतील, तर पैलूंनुसार गाळणी लावणे पुरेसे असते. या विचाराचे मूळ ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या १९३३ सालच्या द्विबिंदू वर्गीकरण या पुस्तके लावण्याच्या पद्धतीत सापडते.

विषयांचे परस्परसंबंध पाहायचे असतील, तर लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर हे मोफत साधन वापरावे. ग्रंथसूचीच्या, म्हणजे प्रकाशित लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या, डेटाबेसमधून निकाल कीवर्डसह उतरवून घ्यावेत आणि उतरलेल्या नोंदींची संख्या शोधातील संख्येशी ताडून पाहावी, कारण अनेक डेटाबेस एका वेळी ठरावीक नोंदीच देतात. त्यानंतर ‘क्रिएट’ दाबून ग्रंथसूचीच्या डेटाचा पर्याय आणि कीवर्डांच्या सहउपस्थितीचे, म्हणजे कोणते कीवर्ड एकाच लेखात एकत्र येतात याचे, विश्लेषण निवडावे. नकाशात प्रत्येक कीवर्डाचे एक वर्तुळ असते. कीवर्ड किमान किती वेळा आलेला असावा, असे विचारले जाते. तिथे आधीच ५ हा आकडा असतो. माझ्या अनुभवात दीडशेपेक्षा जास्त वर्तुळे झाली की चित्र वाचता येत नाही, म्हणून तेवढी उरेपर्यंत हा आकडा वाढवावा.

पहिले चित्र बहुधा फसवे असते. ‘न्यूरल नेटवर्क’ आणि ‘न्यूरल नेटवर्क्स’ अशी दोन वर्तुळे शेजारी दिसतात, आणि एकाच विषयाचे वजन दोन ठिकाणी विभागले जाते. यासाठी टॅबने विभागलेली दोन स्तंभांची साधी टेक्स्ट फाइल करावी. शीर्षके इंग्रजीतच ‘लेबल’ आणि ‘रिप्लेस बाय’ अशी द्यावीत, खाली प्रत्येक ओळीत बदलायचा शब्द आणि त्याच्या जागी हवा असलेला शब्द लिहावा, आणि ही फाइल समानार्थी शब्दांच्या चौकटीत जोडून नकाशा पुन्हा काढावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण नकाशाचा खरेपणा सर्वांत जास्त यावरच अवलंबून असतो.

वाचताना वर्तुळाचा आकार म्हणजे कीवर्डाचे वजन, रंग म्हणजे समूह आणि जवळीक म्हणजे साधारण संबंध, असे समजावे. ‘ओव्हरले’ दृश्यात रंग सरासरी प्रकाशनवर्षानुसार बदलतात, त्यामुळे नवे विषय चटकन दिसतात. मात्र अगदी नवे शब्द किमान संख्येच्या अटीत गळून पडलेले असू शकतात. अलीकडच्या दोन वर्षांच्या नोंदींचा वेगळा नकाशा २ ही मर्यादा ठेवून काढला की ते सापडतात. टी-एसएनई या, अनेक पैलूंची माहिती सपाट चित्रात मांडणाऱ्या दुसऱ्या पद्धतीच्या नकाशात दूरच्या समूहांमधील अंतरावरून निष्कर्ष काढू नये, कारण ती पद्धत मुख्यतः जवळचे शेजारी जपते.

दोन समूहांना जोडणारे वर्तुळ दिसले, की दोन्हीकडचे कीवर्ड घेऊन डेटाबेसमध्ये पुन्हा शोध घ्यावा आणि मूळ लेख उघडून वाचावेत; दोन शब्द एकत्र का आले हे तिथेच कळते. शोधाचे नेमके शब्द, तारीख, निवडलेली किमान संख्या आणि समानार्थी शब्दांची फाइल हे सारे नकाशाशेजारी एकाच फोल्डरमध्ये ठेवावे, म्हणजे वर्षभराने नव्या नोंदी घेऊन तोच नकाशा काढता येतो आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता येते.