स्पोर्टी हॅचबॅक घेताय? आधी मागच्या सीटवर बसा

स्पोर्टी दिसणारी छोटी फॅमिली गाडी बघायला गेलं की आपण सगळे आधी तिच्या तोंडासमोर उभे राहतो, दोन फोटो काढतो आणि तिथेच विकेट जाते. माझं ऐका, सुरुवात मागून करा. ड्रायव्हरची सीट स्वतःच्या उंचीला लावा, मग उतरून त्याच सीटच्या मागे जाऊन बसा. गुडघे टेकतात का, डोकं छताला लागतं का, दोन मिनिटांत कळतं. मागे उतरत जाणारं छत दिसायला भारी असतं पण ती उतरण नेमकी मागच्या माणसाच्या डोक्यावरच येते ना!

खिडक्यांची खालची रेघ मागे वर चढत गेली असेल तर लहान पोराला बाहेर नुसतं आभाळ दिसतं, आणि बाहेरचं नीट दिसलं नाही की काही पोरांना गाडी लागते, मग सीटकव्हर धुवायचं काम तुमचं. मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या कडेला लपवलेलं असेल तर पोराचा हात पोचतो का तेही बघा. आल्फा रोमिओ 156 मध्ये 1997 ला असं हँडल होतं, चार दारांची गाडी दोन दारांची वाटावी म्हणून. आयडिया झकासच होती.

आता टायर. यात लोक हमखास फसतात. टायरच्या बाजूवर 205/55 R16 असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर, बाजूच्या रबराची उंची त्याच्या 55 टक्के म्हणजे साधारण 113 मिलिमीटर, आणि रिम, म्हणजे आतलं धातूचं चाक, 16 इंची. त्याच गाडीचं वरचं मॉडेल 225/40 R18 वर येत असेल तर रबर उरलं फक्त 90. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, पण खड्ड्यात गेल्यावर रिम आणि तुमची कंबर यांच्यामधली गादी सव्वादोन सेंटिमीटरने कमी झाली. रस्ते खराब असतील तर मी डोळे झाकून 16 इंची घेईन, फोटोत जरा कमी दिसली तरी चालेल.

मग गाडीच्या मागे जाऊन खाली वाका आणि एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, बघा. बंपरमधली चकचकीत नळकांडी बऱ्याचदा नुसती शोभेची असतात, खरा पाइप आत खाली तोंड करून बसलेला असतो. समोरच्या ग्रिलच्या जाळीभोवतीच्या लाल रेघेचंही तसंच. फोक्सवॅगनच्या 1976 च्या पहिल्या गोल्फ जीटीआय या स्पोर्टी हॅचबॅकवर ती होती तेव्हा बोनेटखाली 1.6 लिटरचं 110 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, आता साध्या इंजिनावरही लाल रेघ ओढून मोकळे होतात, त्यामुळे रेघ बघून पैसे मोजू नका, इंजिनाचे आकडे विचारा.

डिकीचा काठ किती उंच आहे ते भरलेली बॅग उचलूनच बघा. आणि चाइल्ड सीट घरून न्या, तिथेच बसवून बघा. सेल्समन वैतागेल, वैतागू दे.