तालुक्याच्या जुन्या टॉकीजची नोंद कशी करावी

वऱ्हाडात काय किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत काय, तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी एखादी बंद टॉकीज उभी असते, आणि तिच्याविषयी विचारले की बहुधा एकच उत्तर येते : "लय जुनी हाये, इंग्रजाच्या टाइमची." एवढ्यावर विसंबून लिहिलेला इतिहास टिकत नाही. टॉकीज एकदाच बांधली जात नाही. पडदा, यंत्र, छप्पर आणि तिकिटाचे वर्ग बदलत गेले तसतशी ती पुन्हा पुन्हा बांधली गेली आणि प्रत्येक बदलाने भिंतींवर काहीतरी खूण ठेवली. म्हणून आधी इमारत वाचावी, नंतर कागद पाहावेत आणि माणसांना प्रश्न विचारायला शेवटी जावे.

मालकाची परवानगी घेऊन सकाळी लवकर जावे, सोबत एक माणूस असावा, आणि बाल्कनीच्या लाकडी फळ्यांवर पाय देण्याआधी त्या खालून पाहून घ्याव्यात. लांब टेप, विजेरी, चौकटीची वही आणि मोबाइल एवढे साहित्य पुरते. प्रत्येक माप आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून घ्यावे, कारण दोन्ही मापांच्या फरकातूनच भिंतीची जाडी कळते. पहिल्या टॉकीजच्या वेळी मी फक्त आतली मापे घेतली आणि बाकीचे पुढच्या खेपेला करू म्हणून परतलो. त्या खेपेला गेलो तेव्हा बाल्कनीचे लोखंडी कठडे भंगारात गेले होते आणि त्यांचा एक धड फोटोसुद्धा माझ्याकडे नव्हता.

दर्शनी भागावर चुन्यात किंवा सिमेंटात कोरलेले साल दिसले तर ते टिपून घ्यावे, पण तेच बांधकामाचे साल मानू नये. नवा दर्शनी भाग जुन्या सभागृहाला नंतर चिकटवलेला असू शकतो. मुंबईत रीगल १९३३ मध्ये आणि इरॉस १९३८ मध्ये उभे राहिल्यानंतर त्या आर्ट डेको थाटाची नक्कल दूरवरच्या गावांत होत राहिली : गोलाई दिलेले कोपरे, आडव्या पट्ट्या, मधोमध उंच गेलेला खांब आणि त्यावर उभी अक्षरे. दर्शनी भागाची वीट आणि सभागृहाची वीट एकाच मापाची आहे का, दोन्हींच्या सांध्यात उभी चीर आहे का, हे पाहिले की उलगडा होतो. नावाकडेही लक्ष द्यावे. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्यामुळे 'टॉकीज' हे नाव त्याआधीचे असण्याची शक्यता जवळपास नाही. पडद्यामागे खोल रंगमंच आणि रंगपटाच्या खोल्या निघाल्या, तर ती इमारत नाटकांसाठीही वापरात असावी, हे गृहीत धरून पुढचा शोध घ्यावा.

सभागृहात मान वर करून छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, मोजाव्यात. पश्चिम विदर्भात कापसाचा पैसा सिनेमात आला, आणि काही टॉकीजचे लांबट, मध्ये खांब नसलेले सभागृह जिनिंगच्या गोदामासारखे दिसते, ते उगाच नाही. रुंद जागा झाकण्याची हीच रीत इथल्या मिस्त्र्यांच्या हातात बसलेली होती. कैची सागाची की लोखंडाची, वर कवेलू होते की टिन, हे लिहून ठेवावे. लोखंडी तुळईवर कारखान्याचे नाव उठवलेले असते, कुठे 'टाटा', कुठे विलायती 'डॉर्मन लाँग'. विजेरी तिरपी धरली की रंगाच्या थरांखालूनही अक्षरे उमटतात. वैशाखातल्या उन्हाची सोय कशी केली होती, हेही पाहावे : छताजवळचे झरोके, पश्चिमेकडची जाड भिंत, दारांच्या चौकटींवर वाळ्याच्या ताट्या टांगण्याचे आकडे.

पडद्याची भिंत नीट न्याहाळावी. सिनेमास्कोप ही रुंद चित्राची पद्धत येण्याआधीच्या चित्राची रुंदी उंचीच्या साधारण १.३७ पट असे, सिनेमास्कोपची २.३५ पट झाली. म्हणजे १५ फूट उंचीच्या पडद्याला आधी साडेवीस फूट रुंदी पुरत होती, तिथे नंतर ३५ फूट लागू लागली. ही पद्धत १९५३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आणि जुन्या टॉकीजना एक तर पडद्याच्या बाजूची कमान फोडावी लागली किंवा पडदा कमानीच्या पुढे आणून बसवावा लागला. तोडलेल्या कमानीचे दोन बुंधे प्लॅस्टरखाली हाताला लागतात.

सर्वांत जास्त वेळ मात्र मशीन रूमला, म्हणजे चित्रपट दाखवण्याच्या यंत्रांच्या खोलीला, द्यावा. जुनी नायट्रेटची फिल्म पेटली की विझत नसे, कारण जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःतूनच सोडत असे. म्हणून ही खोली जाड भिंतींची, बहुतेक वेळा बाहेरून स्वतंत्र जिना असलेली, आणि भिंतीतल्या प्रत्येक भोकावर खाली घसरणारी लोखंडी झडप असलेली बांधत. १९५० च्या सुमारास न पेटणारी फिल्म आली तरी ही बांधणी पुढेही चालू राहिली, तेव्हा केवळ झडपेवरून साल ठरवू नये. भोके मात्र मोजावीत. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, त्यामुळे खेळ न थांबवता चालवायचा तर दोन यंत्रे हवीत, आणि दोन यंत्रांना चार भोके : दोन प्रकाशझोताची, दोन ऑपरेटरला पडदा पाहण्यासाठी. पाचवे असेल तर ते बहुधा जाहिरातीच्या काचपट्ट्यांचे. एकाच यंत्राची टॉकीज असेल तर रीळ बदलेपर्यंत लोक अंधारात शिट्ट्या मारत बसत, आणि ही आठवण गावात हमखास शिल्लक असते.

छतातून वर गेलेले धुराडे दिसले तर तिथे कार्बनचा दिवा होता. एका मशीन रूमच्या कोनाड्यात मला बोटाएवढे, तांब्याचा मुलामा दिलेले कार्बनचे थोटूक मिळाले. एक टोक जळून टोकदार झालेले, दुसऱ्या टोकाला चिमट्याचे वळ. कार्बनच्या दिव्यासाठी एकदिश वीज लागते, म्हणून जवळच रेक्टिफायरची (वीज एकदिश करणाऱ्या यंत्राची) किंवा जनित्राची जागा शोधावी. आवाराच्या मागच्या बाजूला चार बोल्ट वर आलेला दगडी ओटा असला तर तो तेलावरच्या इंजिनाचा असू शकतो, आणि मग टॉकीज गावात वीज येण्याआधीची आहे का, हा प्रश्न हाती येतो.

बुकिंग खिडकीवरच्या दरफलकाला हलकेच ओल्या फडक्याने पुसून फोटो घ्यावा. दर आण्यांत असतील तर फलक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' लिहिले असेल तर १९५७ ते १९६४ मधला. इतका नेमका पुरावा शिलालेखसुद्धा क्वचित देतो.

कागद शोधताना विदर्भाची एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. हा प्रदेश मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, १९५० नंतर मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे जुन्या फायली इंग्रजी किंवा हिंदीत असू शकतात आणि त्यांची विषयवारी वेगळी असते. तीन ठिकाणी जावे : जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असल्यास भूमिअभिलेख कार्यालयात, घरपट्टीच्या आकारणीसाठी नगर परिषदेत, आणि परवाना व करमणूक शुल्कासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात. परवान्याच्या फायलीत मंजूर नकाशा सापडला तर निम्मे काम झाले. नकाशा फुटांत आहे म्हणून तो जुनाच, असे मात्र समजू नये. आमच्याकडचे मिस्त्री आजही फुटांतच बोलतात. फाइल दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा आणि त्यात प्रतीसोबत अभिलेखाच्या पाहणीचीही मागणी करावी. करमणूक शुल्क १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करात विलीन झाले, म्हणून त्या शाखेची जुनी दप्तरे आता कोणत्या खोलीत आहेत, हे आधी शिपायाला विचारावे. त्याला साहेबांपेक्षा नक्की ठाऊक असते.

माणसांपैकी ऑपरेटर आणि डोअरकीपर यांना प्रथम भेटावे. "केव्हा बांधली?" असे विचारू नये, कारण त्यावर पुन्हा इंग्रजाचा टाइमच मिळतो. त्याऐवजी घेतलेले फोटो समोर ठेवून "काकाजी, हे पाचवं भोक कशाचं?" असे विचारावे, मग सरकीच्या दिवसांतली गर्दी, बाया बसायच्या त्या बाजूची कनात, भोंग्यावरचे पहिले गाणे सारे आपोआप येते. सांगितलेले साल आणि कागदावरचे साल जुळले नाही तर दोन्ही लिहावीत, आपल्या मनाने एक पुसू नये.

घरी आल्यावर त्याच रात्री प्रत्येक फोटोला नाव द्यावे : कोणती भिंत, कोणत्या दिशेला तोंड, कोणती तारीख. नकाशा, मापे आणि मुलाखती यांची एक प्रत मालकाला आणि एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी, आणि वाचनालयात ती दाखल क्रमांक पडेपर्यंत उभे राहून पाहावे.